पिग्मीचे ३० हजार वाकळांवर घालायचेत, कुठं घालू?

अनगोळवाली
वर्षभर रोज १०० रुपये पिग्मीत टाकले. गेल्या आठवड्यात मुदत संपली. ३६,५०० आणि वर थोडं व्याज हातात आलं. लेकीची फी भरली, गॅसची शेगडी बदलली, तरी ३० हजार उरलेत. घरच्यांनी एकमतानं सांगितलंय की हे तुझ्या वाकळांवरच घालायचे, घरखर्चात मिसळायचे नाहीत.

मी १२ वर्षं वाकळा, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधड्या, शिवतेय. एवढ्या वर्षांत सुई-दोऱ्यापलीकडं त्यावर काही खर्च केला नाही. कापड घरातलं, नाहीतर शेजारणींनी दिलेल्या जुन्या साड्या. त्यामुळं पैसे हातात असून काय घ्यावं तेच कळेना झालंय.

माझ्याकडं सासूबाईंची पायमशीन आहे. ठिगळं जोडायला ती, थर मात्र हातानं धावदोऱ्यानंच घालते. फरशीवर सगळं पसरून, गुडघ्यावर बसून. आता ४७ चालू आहे आणि गुडघे रोज आठवण करून देतात. संध्याकाळी काळ्या चंद्रकळेवर काळा दोरा अजिबात दिसत नाही.

मनात एक मोठं इलेक्ट्रिक मशीन आहे. त्याच्यावर गोधड्यासुद्धा होतात असं दुकानदार म्हणाला. दुसरं म्हणजे एकदम भरपूर कापड घेऊन ठेवावं. आणि एक आईची वाकळ आहे. वरचं इरकल पायाकडं झिजलंय आणि त्या भोकातून आतलं हिरवं लुगडं दिसतंय. ते लुगडं आईच्या अंगावर मी कधी पाहिलेलं नाही. तिच्यावर खर्च करावा का, आणि केला तर कसा, तेही सांगा.

नवशिकी
वाचतेय. मलाही मशीनबद्दल जाणून घ्यायचंय.

टिपेवरटीप
ताई, ३५ वर्षं मशीन दुरुस्तीचंच काम करतोय, म्हणून सरळ लिहितो. या पैशात येणारं घरगुती मशीन चांगलंच असतं, ब्लाउज, फ्रॉक, पडदे सगळं होतं. वाकळेला मात्र दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे मशीनची सुई आणि खांब यांच्यामधली जागा. घरगुती मशीनला ती वीतभरच असते. सहा-सात फुटांची वाकळ गुंडाळून त्या वीतभर जागेतून ओढायची म्हणजे दोन्ही खांदे भरून येतात. लांब हाताची मशीनं मिळतात, ती ३० हजारांत बसत नाहीत.

दुसरं म्हणजे थर सरकतात. खालचे दाते खालचं कापड पुढं ओढतात, वरचं मागं राहतं, आणि शेवटाला पोचेपर्यंत चार बोटं कापड उरतं. यावर उपाय म्हणजे वॉकिंग फूट, कापड दाबणारा खास पाय. त्याला वरूनही दाते असतात, त्यामुळं वरचं-खालचं कापड बरोबर चालतं. साध्या काळ्या मशीनलाही तो बसतो, पण सगळ्याच मशीनला नाही. पायाच्या दांड्याची उंची जुळावी लागते. मागवायच्या आधी मशीनचा जुना पाय काढून दुकानात घेऊन जा.

तुमची पायमशीन टाकू नका. पट्टा नवा घाला, तेलपाणी करा, शटल साफ करून घ्या, दाते झिजले असले तर बदला. दीड हजाराच्या आत सगळं होईल. सहा थर असतील तर १८ नंबरची सुई लावा. १४ नंबरनं सहा थर शिवायला जाऊन सुई मोडते आणि मग बाया मशीनला दोष देतात.

पुण्यात_बेळगाव
मी अगदी हीच चूक केलीय म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी सवलतीत एक मशीन ऑनलाइन मागवलं, गोधडीसाठी खास म्हणून जाहिरात होती. सहा महिन्यांत टाइमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या दोऱ्याचा मेळ, बिघडलं. सुटा भाग मिळेना, कंपनीचा माणूस येईना. आता ते कपाटावर पडून आहे. नवं घ्यायचंच असेल तर आधी आपल्या गावात ते कोण दुरुस्त करतं ते विचारा.

शहापूर_मागवाला
आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत, म्हणून कापडाबद्दल लिहितो.

एकदम भरपूर कापड घेऊन ठेवू नका. वाकळेला नव्या कापडापेक्षा जुनं बरं, हे नुसत्या मायेपोटी म्हणत नाही. नवीन सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं. जुनी साडी आधीच आटलेली असते. दोन्ही एकत्र शिवली की पहिल्या धुण्यानंतर नवं कापड आखडतं आणि जुनं त्याच्याबरोबर ओढलं जाऊन चुण्या पडतात. खालच्या थराला नवा मांजरपाट घेणार असाल तर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, खळ पूर्ण जाऊ द्या. दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावा.

इरकलीचं वेगळं. तिचं अंग सुती, काठ आणि पदर रेशमी किंवा आर्ट सिल्कचे. पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असतो आणि मागावरच अंगाच्या ताण्याला एकेक धागा अडकवून जोडलेला असतो. त्याला इलकलकडं कोंडी म्हणतात. धुतल्यावर सुती अंग एक वागतं आणि रेशमी काठ दुसरं. म्हणून काठ उसवून वेगळा ठेवा, वाकळेच्या चारी कडांना तो छान दिसतो. पदराचा लाल रंग बऱ्याचदा जातो. पांढरा ओला रुमाल त्यावर दाबून पाच मिनिटं ठेवा. रुमाल लाल झाला तर तो पदर पांढऱ्याजवळ लावू नका. बायका मिठाच्या पाण्यात भिजवतात, पण जो रंग धाग्याला नीट लागलेलाच नाही तो मिठानं पक्का होत नाही.

अनगोळवाली
काका, माझ्या दोन वाकळांना चुण्या कशानं पडल्या ते आज कळलं. दोन्हीला खालून नवा मांजरपाट होता, न धुता लावलेला.

टिपेवरटीप दादा, उद्याच कारागिराला बोलावते.

निपाणीची_लेक
आक्का, मशीन राहू दे. आधी डोळं तपास. चाळिशीनंतर जवळचं दिसायला वेगळा नंबर लागतो. आणि डॉक्टरला नुसतं वाचायचा चष्मा द्या म्हणू नको, सुई किती अंतरावर धरतेस ते सांग. मी टेप घेऊन गेलती. पुस्तक लांब धरते आणि सुई जवळ, दोन्हीला एकच नंबर चालंना. शिवायचा वेगळा चष्मा केला आणि सुईत दोरा ववायला नातवाला हाक मारायची बंद झाली.

उजेड डाव्या बाजूनं येऊ दे, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. खाली-वर होणारा पांढऱ्या उजेडाचा दिवा घे. पिवळ्या उजेडात काळा आणि गडद निळा एकच दिसतात. आमच्यात लाइट जाते म्हणून चार्जिंगचा घेतलाय.

आणि फरशीवरनं उठ गं बाई. सुताराकडनं गुडघ्याएवढ्या उंचीची चौकी करून घे, चार फूट बाय तीन. त्याच्यावर वाकळेचा एक भाग पसरायचा, बाकीची घडी शेजारच्या खुर्चीवर. मी पलंगाच्या जुन्या फळ्यांची केली.

नवशिकी
रोटरी कटर (कापड कापायचं फिरतं पातं) आणि त्याखालची मॅट घ्यावी का? व्हिडिओत सगळ्यांकडे दिसते.

पुण्यात_बेळगाव
सारख्या मापाचे चौकोन कापायचे असतील तर घ्या. ४५ मिमीचं चाक, जाड पारदर्शक पट्टी आणि मॅट, तिन्ही लागतात. नुसतं कटर घेऊन उपयोग नाही. चार थर एकदम कापले जातात आणि चौकोन खरोखर चौकोन येतो. पाव इंच शिलाई धरून जोडताना त्याची किंमत कळते, कारण कापण्यात दोऱ्याएवढा फरक पडला तरी दहा चौकोनांच्या ओळीत तो बोटभर होतो. पातं फार धारदार असतं, हातातून ठेवताना प्रत्येक वेळी झाकायचं. मॅट उन्हात किंवा इस्त्रीजवळ ठेवू नका, वाकडी होते आणि पुन्हा सरळ होत नाही.

अनगोळवालीताईंना मात्र गरज दिसत नाही. हातानं फाडलेल्या पट्ट्यांची वाकळ कटरवाचून उत्तम होते. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, त्यापेक्षा सरळ काय असणार?

खानापूर_सून
उशिरा लिहितेय. दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली, पावसाची. आमच्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस लागला की जाड वाकळ आठ-आठ दिवस वाळत नाही. आत ओल राहिली की कुबट वास बसतो आणि काळे ठिपके पडतात. म्हणून इकडं चार थरांच्या वर जात नाहीत. नऊवारी आठ मीटरच्या आसपास असते. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे एकमेकांवर घातले की एका माणसाची वाकळ होते, कापड जोडावं लागत नाही. थंडीत अशा दोन अंगावर घ्यायच्या. धुवायला हलक्या, वाळायला हलक्या.

दुसरी गोष्ट, हल्याळची. सिद्दी बायका जी कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात ती कुणी जवळून पाहिलीय का? आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला भागात राहतात, थोडी घरं आमच्या खानापूर तालुक्यातही आहेत. आपण आधी ठिगळं जोडून वरचा थर तयार करतो आणि मग थर शिवतो. त्या तसं करत नाहीत. खाली एक साडी पसरायची, कोपऱ्यापासून कडेनं ठिगळं लावत जायचं आणि लावता लावताच धावदोरा सगळ्या थरांतून घालायचा. कडेनं फिरत फिरत शेवटी मध्यावर यायचं. ठिगळ बसवणं आणि वाकळ शिवणं एकाच टाक्यात होतं. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी टोकं लावतात, त्याला फुला म्हणतात. फुलाशिवाय कवंदी पुरी होत नाही.

मी एका आजींच्या शेजारी दोन तास बसले होते. मापाला टेप नाही, खडूची रेघ नाही. ठिगळ कुठं बसायचं ते हातात घेऊन, लावून बघून ठरवत होत्या. एक लाल तुकडा तीनदा उचलला, तीनदा ठेवला, चौथ्यांदा दुमडून अर्धा लावला. तेवढं एक पाहायला मिळालं म्हणून सांगते, पैसे असतील तर त्यातले थोडे अशा ठिकाणी जायला ठेवा. बघायला जाल तर एक कवंदी विकतही घ्या, आणि किंमत त्या सांगतील तीच द्या.

बैलहोंगलची_सून
खानापूर_सून, फार छान लिहिलंत. माझं सासर कन्नड, तिथं कौदी म्हणतात. सासूबाई शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा छोटा तुकडा घालतात. कौदी उपाशी राहू नये, पांघरणाऱ्यालाही उपास पडू नये म्हणून. मुंग्या येतील म्हणून मी पहिल्यांदा अडवलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता तुकडा मीच आणून देते.

निपाणीची_लेक
आमची आजीबी घालायची!

शहापूर_मागवाला
एक हिशेब मांडतो. कुणाला दुखवायचं नाही, पण हे बोललं जात नाही.

वाकळ २ मीटर लांब, १ मीटर २० सेंटिमीटर रुंद धरू. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. म्हणजे ६० ओळी, एकूण १२० मीटर शिलाई. सेंटिमीटरला एक टाका धरला तर १२ हजार टाके. दोरा दुहेरी, त्यात चार थरांतून वर-खाली जाण्यात जातो तो वेगळा, म्हणजे अडीचशे मीटरच्या वरच लागतो. माझ्या बहिणीला एक ओळ घालायला २० मिनिटं लागतात. ६० ओळींना २० तास. यात कापणं, जोडणं, थर सारखे करून टाचणं धरलेलं नाही.

आमच्या गल्लीत बाहेरून वाकळ शिवून घेतात तेव्हा ५०० रुपये हातावर ठेवतात. तासाला २५ रुपये झाले. साड्या आमच्याच होत्या ना, असं वर म्हणतात. विणकराला आयुष्यभर हेच ऐकावं लागलं, म्हणून मला ते टोचतं.

ताई, तुमच्याकडं पैसे आहेत. मला वाटतं त्यातला मोठा वाटा चांगल्या हाताला जावा. आपल्या बेळगावच्या अनगोळ-वडगावात अजून अशा म्हाताऱ्या बाया आहेत ज्यांना सगळी गल्ली वाकळवाली म्हणून ओळखते. त्यांना कुणी शिकवायला बोलावत नाही, नुसतं शिवायला बोलावतं.

अनगोळवाली
काका, तुमचा हिशेब वाचून काल रात्री बराच वेळ जागी होते. माझ्या थोरल्या जाऊबाईंची वाकळ मी ४०० रुपये देऊन बाहेरून करून घेतली होती. शिवणाऱ्या आक्का आमच्या मागच्या गल्लीतल्याच. सत्तरीच्या पुढं आहेत. आज सकाळी त्यांच्याकडं जाऊन आले.

पुण्यात_बेळगाव
आईच्या वाकळेचं राहिलंच. माझ्या आजीच्या वाकळेवर मी जे केलं ते सांगते.

वरून नवं कापड घालून पूर्ण शिवू नका. भोक तर बुजतं, पण जुनी वाकळ कायमची झाकली जाते. भोकाच्या आकारापेक्षा दोन बोटं मोठा जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा घ्या. भोकाच्या कडा आत न दुमडता, कापडाखालून हलकेच सरकवा आणि झिजलेल्या कडा बारीक धाग्यानं त्यावर धरून ठेवा. गाठ घट्ट ओढायची नाही. झिजलेलं कापड गाठीपाशीच फाटतं. किंवा वरून पातळ जाळीचं कापड लावा, त्यातून आतलं दिसत राहतं. तुमच्या आईचं हिरवं लुगडं झाकावंसं वाटत नसेल तर जाळीच लावा.

मशीनमध्ये धुऊ नका. रिठ्याच्या कोमट पाण्यात टबमध्ये आडवी ठेवून, न पिळता, चादरीत धरून उचला. ओल्या वाकळेचं वजन तिच्याच टाक्यांवर येतं, म्हणून दोरीवर टांगायची नाही. खाटेवर पसरून सावलीत वाळवायची.

निपाणीची_लेक
आणि ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नको. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी आमच्या माहेरच्या घरात शिरलं. वाकळा प्लास्टिकात बांधून ट्रंकेत होत्या, आम्हाला वाटलं राहतील कोरड्या. पाणी आत गेलं आणि प्लास्टिकामुळं बाहेर आलंच नाही. ट्रंक उघडली तवा बुरशीनं सगळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. आईनं एकेक हातात घेऊन बघितली आणि सातातल्या पाच टाकून दिल्या. जुन्या सुती चादरीत गुंडाळ, उंचावर ठेव. दसऱ्याच्या धुण्याला बाहेर काढतेसच, तवा घडी बदल. त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की घडीवरच फाटते.

नवशिकी
पाच? अरेरे. खूप वाईट वाटलं.

निपाणीची_लेक
व्हय. दोन राहिल्यात. एक माझ्याकडं, एक भावाकडं.

अनगोळवाली
तीन आठवडे झाले, काय काय झालं ते लिहिते. सगळ्यांनी एवढ्या आपुलकीनं लिहिलंत.

मशीन घेतलं नाही. पायमशीनला नवा पट्टा, नवे दाते, तेलपाणी, १,२०० रुपये. आवाज एवढा कमी झाला की सासूबाईंना वाटलं बंदच पडली. शिवायचा चष्मा २,५०० आणि दिवा १,८००. सुताराची चौकी ६,००० ला, सागवानी नाही, साध्या लाकडाची, पण पाय भक्कम. चष्मा घालून पहिल्यांदा माझेच जुने टाके जवळून पाहिले. एवढे वाकडे असतील असं वाटलं नव्हतं.

१२,००० मागच्या गल्लीतल्या आक्कांसाठी बाजूला काढलेत. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन तास, तासाला १०० रुपये. ४० दिवस होतील. पहिल्यांदा हे ऐकून त्या म्हणाल्या, शिकवायचे पैसे कोण घेतं? मी काकांचा हिशेब त्यांना वाचून दाखवला. १२ हजार टाके म्हटल्यावर त्या बराच वेळ आपल्या हाताकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, बुधवारी येते.

बुधवारी आल्या. चहा घेतला, चौकीवर हात फिरवला आणि माझी चालू वाकळ उलटी करून बघितली. माझ्या ओळी सरळ असतात आणि मला त्याचा अभिमान होता. आक्कांनी नखानं एक टाका उचलून दाखवला. वरून सुंदर, पण खालचा थर सुटलेला. सुई मी तिरकी घालत होते, म्हणून ती तिसऱ्या थरातून परत वर येत होती. त्यांनी सुई सरळ उभी खाली घातली, डाव्या हाताचं बोट खालून लावून टोक टोचेपर्यंत थांबल्या, आणि मग आडवी करून वर काढली. बोटाला टोचल्याशिवाय टाका खाली पोचला हे कळत नाही, म्हणाल्या. त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक घट्ट्यांनी कडक झालंय. १२ वर्षं मी त्या बोटाला अंगुस्तान घालून वाचवत होते.

अकरा ओळी उसवल्या. त्यांनी सात, मी चार.

साडेसहा हजार उरलेत. पाऊस उघडला की मी आणि आक्का हल्याळला जाणार आहोत. खानापूर_सून, तुम्ही बरोबर याल का? त्या आजींचं गाव तुम्हालाच माहीत. आक्कांनी कवंदी कधी पाहिलेली नाही. कडेनं मध्यापर्यंत जायचं हे त्यांना पटतच नाहीय, मधोमध झोळ येणार म्हणतात.

आईच्या वाकळेला जाळीच लावली. आक्कांनी ते हिरवं लुगडं भोकातून बघितलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, हे शहापुरी सूत आहे.

शहापूर_मागवाला
ताई, चालत असेल तर त्या हिरव्याचा उजेडात एक फोटो टाका. काठाचा थोडा भाग दिसला तर बघतो.

खानापूर_सून
येते की! दिवाळीनंतरचा रविवार धरू. जाताना दुपारी जेवायला आमच्याकडं, आक्कांनाही सांगा. आणि झोळ येत नाही, त्यांना प्रत्यक्षच दाखवू.